हिरव्या दिव्याखाली अंधार

शनिवारची सकाळ, दुसरा चहा, आणि डोकं अजून बुधवारच्या भांडणातच अडकलेलं. म्हटलं लिहूनच टाकू.

भांडण कोड रिव्ह्यूमधल्या एका ओळीवरून झालं. टीममधल्या नवीन मुलाला मी लिहिलं, "ही टेस्ट फॉर्म सबमिट करत नाही." तो म्हणाला, "अगं, करते की! पोस्ट करतेय, हिरवी पण आहे." मग लीड साहेब आले, "कव्हरेज ९२ टक्के आहे, उगाच फाटे कशाला फोडतेस?"

फाटे फोडते, कारण एकदा माझंच फुटलंय.

मागच्या नोकरीतली गोष्ट. एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही जँगोमध्ये केला होता. डिझायनरला प्रत्येक चौकोन जागच्या जागी हवा होता, म्हणून टेम्प्लेटमध्ये एकेक फील्ड हाताने मांडलेलं. शेवटच्या तारखेला दोन आठवडे उरले असताना निरोप आला, पालकांचं वार्षिक उत्पन्न सक्तीचं करा. मी फॉर्म क्लासमध्ये फील्ड टाकलं, मॉडेलमध्ये टाकलं, मायग्रेशन चालवलं. टेस्टमधल्या डिक्शनरीतही 'उत्पन्न' टाकलं. सगळं हिरवंगार. शुक्रवारी संध्याकाळी चढवलं आणि घरी गेले.

टेम्प्लेटमध्ये टाकायचं राहिलं. गाढवपणा शंभर टक्के माझाच.

आता बघा काय होतं. पानावर उत्पन्नाचा चौकोनच नाही, त्यामुळे ब्राउझर ते पाठवत नाही. सर्व्हर म्हणतो, सक्तीचं फील्ड रिकामं, फॉर्म अवैध, आणि तेच पान परत दाखवतो. चुकीचा संदेश त्या फील्डशेजारी दिसायचा, पण फील्डच नाही तर संदेश कुठला? मुलाला दिसतं काय, तर आपलाच भरलेला अर्ज, जसाच्या तसा. तो परत बटण दाबतो. परत तेच.

आणि आमच्या लॉगमध्ये? २००, २००, २००. म्हणजे सगळं आलबेल! अर्ज खरंच जमा झाला असता तर पुढच्या पानावर पाठवणारा ३०२ दिसला असता, पण ते बघतो कोण. आमचा अलार्म फक्त ५०० वर वाजायचा.

सोमवारी एका तालुक्याच्या गावातून फोन आला. झेरॉक्सच्या दुकानात बसून पोरांचे अर्ज भरून देणारा माणूस होता. "मॅडम, बटण दाबलं की पान परत तिथंच येतंय." तीन दिवसांत हे आम्हाला सांगणारा तो पहिला माणूस. टेस्ट नाही, मॉनिटरिंग नाही, झेरॉक्सवाला!

संस्थेने मुदत आठवडाभर वाढवली. पण अर्ज गेला असं समजून जी मुलं निघून गेली, त्यांचं काय? त्यांना कळवायला आमच्याकडे नंबरसुद्धा नव्हते, कारण अर्ज सेव्हच झाला नव्हता.

असो. आता मुद्द्यावर.

जँगोचा टेस्ट क्लायंट वापरून आपण पोस्ट करतो तेव्हा फॉर्मचं पान त्या व्यवहारात कुठेच नसतं. आपण एक डिक्शनरी लिहितो आणि थेट व्ह्यूच्या हातात देतो. पेपर आपणच काढला, आपणच सोडवला, आपणच तपासला आणि आपणच पहिले आलो. अभिनंदन! :-)

बरं, हा क्लायंट आपल्याशी जरा जास्तच प्रेमाने वागतो. सीएसआरएफची तपासणी तो मुळात बंद ठेवतो, मुद्दाम सांगितलं तरच करतो. म्हणजे टेम्प्लेटमध्ये टोकन टाकायला विसरलात तर खऱ्या माणसाला ४०३ आणि तुमची टेस्ट हिरवी. दुसरं, तो पोस्ट करतो ते आपणहून मल्टिपार्ट पद्धतीने. फॉर्मच्या टॅगमध्ये इनक्टाइप मल्टिपार्ट लिहायचं राहिलं, तर ब्राउझर फाइलचं नुसतं नाव पाठवतो, फाइल नाही. टेस्टमध्ये मात्र मार्कशीट झकास अपलोड होते. जँगोचं सोडा, रेल्समध्येही टेस्टच्या तयार सेटिंगमध्ये हीच सुरक्षा बंद असते. यात फ्रेमवर्कची चूक नाही, ही सोय आहे आणि ती डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेली आहे. आपण सोयीला पुरावा समजतो, ही चूक आपली.

आणि ते ९२ टक्के? कव्हरेजचं टूल पायथॉनच्या ओळी मोजतं. टेम्प्लेट वेगळा प्लगइन लावल्याशिवाय त्याच्या हिशेबातच नाही. जिथे चूक होती ती फाइल त्या टक्क्यांत धरलेलीच नव्हती.

यावर ठरलेली उत्तरं येतात. एक, "युनिट टेस्ट म्हणजे सुटा भाग तपासायचा." मान्य! मग फॉर्म क्लास सुटा तपासा ना. मोबाइल नंबर नऊ आकडी दिला तर नाकारतो का, उत्पन्न उणे चालतं का, याला व्ह्यूसुद्धा लागत नाही. माझं भांडण त्या टेस्टशी नाहीच. पण तिला 'अर्ज जमा होतो' असं नाव देऊ नका.

दोन, "ते सेलेनियमवाले बघतील." सेलेनियम हळू चालतं, कधीकधी उगाच पडतं, मग कोणीतरी ते 'तात्पुरतं' बंद करतं. ते 'तात्पुरतं' किती वर्षं चालतं हे तुम्हाला माहीत आहेच.

तीन, "क्यूए आहे की." शुक्रवारी संध्याकाळी?

खरं तर मधला रस्ता आहे आणि त्याला ब्राउझरही लागत नाही. आधी पान गेट करा. आलेल्या एचटीएमएलमधून फॉर्म काढा. त्यात जी फील्डं आहेत तीच भरा आणि तोच फॉर्म सबमिट करा. जँगोसाठी वेबटेस्ट हे काम करतं आणि सीएसआरएफ चालू ठेवून करतं. सिम्फनीच्या टेस्ट क्लायंटमध्ये तर ही सोय आधीपासूनच आहे. पानावर नसलेलं फील्ड भरायला गेलात की टेस्ट तिथेच पडते. माझं 'उत्पन्न' शुक्रवारी दुपारीच पडलं असतं.

आणि शेवटी परिणाम तपासा. नुसतं २०० आलं यावर समाधान मानू नका, चुकलेला फॉर्मही २०० च देतो. ३०२ आला का? डेटाबेसमध्ये एक ओळ वाढली का? मुद्दाम चुकीचं भरलं तर चूक पानावर माणसाला *दिसते* का? जावास्क्रिप्टने रंगवलेल्या फॉर्मला ही युक्ती पुरणार नाही, तिथे ब्राउझर लागेलच. पण आपले निम्मे फॉर्म अजून साधेच असतात हो.

बुधवारी लीड साहेबांनी शेवटी विचारलं, "याला वेळ किती लागेल?" म्हटलं, प्रत्येक फॉर्ममागे एक टेस्ट, अर्धा तास. ते म्हणाले, "पुढच्या स्प्रिंटला बघू."

नवीन मुलगा मात्र गुरुवारी डबा खाता खाता म्हणाला, "मी त्या टेस्टमध्ये आधी पान उघडून बघितलं. आपल्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये टोकनच नाहीये."

तो फॉर्म पुढच्या सोमवारी लाइव्ह जाणार होता.

चला, चहा गार झाला. तुमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात हिरवी टेस्ट आज एकदा उघडून बघा. त्यात पान आहे का?