हातचा बॉल सोडून

'टर्नओव्हर' हा शब्द कानावर पडला की बहुतेकांना धंदा आठवतो. अमक्या कंपनीचा टर्नओव्हर इतके कोटी, म्हणजे कंपनी तगडी, म्हणजे पॅकेज बरं, म्हणजे अॅप्टिट्यूडला गर्दी. तिथे हा आकडा जितका फुगेल तितका चांगला. बास्केटबॉलमध्ये नेमकं उलटं आहे. शॉट न मारताच बॉल समोरच्यांच्या ताब्यात गेला की झाला टर्नओव्हर. पास चुकला, ड्रिबल करताना कोणी हात घालून बॉल काढून नेला, ट्रॅव्हलिंग झालं, लाईनवर पाय पडला, अटॅक करताना फाउल झाला, तीन-पाच-आठ-चोवीस यांपैकी कुठलेतरी सेकंद भरले, सगळं याच खात्यात जमा.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्यासारख्या कॉलेज टीमला जिंकायचं असेल तर नेम सुधारण्याआधी बॉल घालवणं कमी करावं लागेल. आणि ते कमी व्हायचं तर आधी कोणीतरी मोजायला हवं. आत्ता कोणीच मोजत नाही. मी टीममध्ये नाही, पण मॅचच्या वेळी स्कोअर टेबलवर बसतो, त्यामुळे ठामपणे सांगतो. स्कोअरशीटवर पॉइंट लिहायला जागा आहे, फाउल लिहायला आहे, टाइमआउटलाही आहे. बॉल कोणी किती वेळा घालवला याला रकानाच नाही. ज्याला रकाना नाही त्याची चर्चा कोण करणार? हरल्यावर मेसमध्ये काय ऐकू येतं? "शेवटचे दोन फ्री थ्रो पडले असते ना..." "रिंगच कडक आहे रे." "रेफरी त्यांचा होता." दोन फ्री थ्रो सगळ्यांच्या लक्षात राहतात. पहिल्या हाफमध्ये मिडकोर्टवर फुकट दिलेले आठ-दहा बॉल वरण-भाताबरोबर पोटात जातात.

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्रीचं नाही. बास्केटबॉलची एक गंमत आहे. एका टीमने शॉट टाकला किंवा बॉल घालवला की बॉल दुसरीकडे जातो, त्यामुळे मॅचभरात दोन्ही टीमना बॉल जवळजवळ सारख्याच वेळा मिळतो. क्रिकेटमध्ये जशी दोघांना 50-50 ओव्हर, तसंच. समजा दोन्ही टीमना 70 वेळा बॉल मिळाला. पहिल्या टीमने 10 वेळा घालवला, दुसरीने 20 वेळा. तीन पॉइंटचे शॉट, फ्री थ्रो आणि आपल्याच शॉटचे रिबाउंड तूर्त बाजूला ठेवू. पहिलीला 60 शॉट मिळाले, दुसरीला 50. दोघींचा नेम अगदी सारखा, 40 टक्के. पहिलीच्या 24 बास्केट, म्हणजे 48 पॉइंट. दुसरीच्या 20, म्हणजे 40. नेम सारखा, उंची सारखी, मेसही एकच समजा, तरी आठ पॉइंटचा फरक! आता दुसऱ्या टीमला ही तूट नेमाने भरून काढायची असेल तर 50 शॉटमध्ये 24 बास्केट हव्यात, म्हणजे नेम 40 वरून 48 टक्के. ज्यांनी कधी रोज शूटिंगची प्रॅक्टिस केली आहे त्यांना विचारा, हे आठ टक्के काय भावाने पडतात ते. आपली प्रॅक्टिस संध्याकाळी प्रॅक्टिकल संपल्यावर, अंधार पडेपर्यंत, आणि सबमिशनच्या महिन्यात तीही बंद. तेवढ्यात हात बसत नाही. दोन हातांनी बॉल पकडणं, थांबून बघणं आणि मग पास देणं मात्र महिन्याभरात सुधारू शकतं. पंपाची हेड वाढवण्याआधी पाइपची गळती बंद करा, एवढंच म्हणतोय मी. मेकॅनिकलवाल्यांना पटेल.

वरच्या हिशोबात टर्नओव्हरचं नुकसान खरं तर कमीच धरलंय. चुकलेला शॉट आणि घालवलेला बॉल यांत मोठा फरक असतो. शॉट चुकला तर रिबाउंड आपल्याला मिळायची आशा असते. शिवाय शॉट कधी जाणार हे आपल्याला माहीत असतं, एक-दोघं मागे पळायच्या तयारीत असतात. पास मध्येच कापला गेला तर आपली पाचही माणसं चुकीच्या दिशेला तोंड करून उभी असतात आणि समोरचा मोकळ्या कोर्टवर एकटा लेअप घालतो. म्हणून टर्नओव्हरमध्येही दोन जाती केल्या पाहिजेत. बॉल बाहेर गेला, ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजली, तर खेळ थांबतो. नुकसान होतं, पण निदान बचावाला जागेवर यायला वेळ मिळतो. चालू खेळात हातातून बॉल गेला तर दुहेरी मार.

याचं सगळ्यात क्रूर उदाहरण 26 मे 1987 चं आहे. एनबीएच्या ईस्टर्न कॉन्फरन्सची फायनल, बॉस्टन सेल्टिक्स विरुद्ध डेट्रॉइट पिस्टन्स, सिरीज 2-2, पाचवी मॅच बॉस्टनमध्ये. डेट्रॉइट 107-106 ने पुढे, पाच सेकंद बाकी आणि थ्रो-इनसुद्धा डेट्रॉइटचाच. म्हणजे मॅच खिशात! टाइमआउट घ्या म्हणून कोच चक डेली खाणाखुणा करत होते. पण आयझेया थॉमसने घाईघाईत बिल लेम्बीअरकडे हलका पास टाकला. लॅरी बर्डने मध्ये झेप घेऊन तो पकडला, तोल सावरत वळला आणि रिंगकडे धावणाऱ्या डेनिस जॉन्सनला दिला. लेअप. 108-107, बॉस्टन. पुढे सातव्या मॅचला डेट्रॉइटने ती सिरीजही गमावली. आता विचार करा, थॉमसने तोच बॉल आंधळेपणाने प्रेक्षकांत फेकला असता तरी बरं झालं असतं. बॉस्टनला तयार बचावासमोर थ्रो-इन करावा लागला असता. थॉमस त्या काळच्या सगळ्यात हुशार पॉइंट गार्डांपैकी एक होता, नवशिका नव्हे. घाईपुढे कोणाचं चालत नाही.

हे मोजणाऱ्या माणसांपैकी एक आपल्या जातभाईंपैकी निघाला, याचा मला मनापासून आनंद आहे. डीन ऑलिव्हर. कॅलटेकचा इंजिनियर, पुढे पीएचडी, नोकरी कन्सल्टिंगची, आणि डोक्यात बास्केटबॉल. 2004 साली त्याचं 'बास्केटबॉल ऑन पेपर' हे पुस्तक आलं. टीम जिंकते कशावर, याचे त्याने चार घटक सांगितले आणि त्यांना अंदाजे वजनं दिली: नेमाला 40 टक्के, टर्नओव्हरला 25, रिबाउंडला 20, फ्री थ्रो मिळवण्याला 15. म्हणजे नेमाच्या खालोखाल हेच. ही वजनं व्यावसायिक टीमवरून काढलेली आहेत. आपल्या पातळीवर टर्नओव्हरचं वजन आणखी वाढेल असं माझं मत आहे, कारण व्यावसायिक खेळाडूंच्या बॉल सांभाळण्यात जितका फरक असतो त्याच्या कितीतरी पट फरक दोन कॉलेज टीममध्ये असतो.

ऑलिव्हरच्या पद्धतीतली एक गोष्ट आपण सरळ उचलावी. टर्नओव्हर नुसते मोजू नका, बॉल किती वेळा मिळाला त्याला भागा. जोरात पळणारी टीम जास्त वेळा बॉल हाताळणार, तिचे टर्नओव्हर जास्त दिसणारच. बॉल किती वेळा मिळाला हे काढायला मारलेले शॉट घ्या, त्यात टर्नओव्हर मिळवा, फ्री थ्रोच्या साधारण 44 टक्के मिळवा (फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, म्हणून अर्ध्याच्या आसपास), आणि आपल्याच शॉटचे आपण पकडलेले रिबाउंड वजा करा. कॅल्क्युलेटर आपल्या प्रत्येकाकडे आहेच, एरवी त्यावर मेसचं बिलच करतो आपण.

आता कोणी म्हणेल, "म्हणजे काय, रिस्क घ्यायचीच नाही? सगळ्यांनी गोगलगायीसारखं खेळायचं?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याला एनबीएचाच पुरावा आहे. 2016-17 च्या सीझनमध्ये ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनने 464 टर्नओव्हर केले, एका सीझनमधला विक्रम. त्याच्या खालोखाल रसेल वेस्टब्रूक, 438. आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू? वेस्टब्रूक. मतांमध्ये दुसरा? हार्डन! ह्यूस्टनने 82 पैकी 55 मॅच जिंकल्या. कारण उघड आहे. ज्याच्या हातात बॉल सगळ्यात जास्त, त्याच्या हातून तो जाणारही जास्त. हार्डनचे असिस्टही त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त होते. ज्याचा एकही बॉल जात नाही तो बऱ्याचदा बॉलला हातच लावत नसतो. (ग्रुप प्रोजेक्टमध्ये अशी माणसं आपण पाहतोच.)

म्हणून शून्य टर्नओव्हर हे ध्येय मी ठेवणार नाही. दोन बचावपटूंच्या मधून रिंगखाली उभ्या पोराला टाकलेला पास तीनदा कापला गेला आणि चार वेळा पोचला, तर तो पास टाकत राहावा. माझा राग आहे तो मिडकोर्टवर, कोणी अंगावर आलेलं नसताना, हसत हसत एका हाताने टाकलेल्या पासवर. आठ सेकंदांत बॉल पुढे न्यायचा नियम आहे म्हणून तिसऱ्याच सेकंदाला घाबरून फेकलेल्या लांब बॉलवर. कोपऱ्यात ड्रिबल करत जायचं, दोघांनी घेरलं की ड्रिबल थांबवायचा आणि मग मदतीसाठी ओरडायचं, यावर. यातून मिळणार काहीच नव्हतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतात म्हणे लोक, आपण तर पळतंही काही नसताना हातचं सोडतो.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाची 2014-15 ची टीम, कोच बो रायन. मॅचला सरासरी 7.4 टर्नओव्हर, देशातल्या कॉलेज टीममध्ये सगळ्यात कमी. तोपर्यंत 38 पैकी 38 मॅच जिंकलेल्या केंटकीला त्यांनी सेमीफायनलमध्ये 71-64 ने घरी पाठवलं. फायनल मात्र ड्यूककडून 68-63 अशी हरले. बॉल सांभाळला की कप मिळतोच असं नाही. पण त्या वर्षी अख्ख्या देशाला न हरवता आलेली टीम त्यांनी हरवली, हे काही थोडं नाही.

आता जरा दुखऱ्या जागी येतो. टीम निवडताना आपण काय बघतो? पॉइंट. सिलेक्शनच्या दिवशी ज्याने सहा बास्केट घातल्या त्याचं नाव यादीत. त्याने त्या सहा बास्केटसाठी नऊ वेळा बॉल घालवला असेल, त्याची नोंद कुठे आहे? आणि जो पोरगा किंवा पोरगी दोन बास्केट घालते, पण प्रेस लागल्यावर बॉल शांतपणे पुढे आणते, पायव्हट घेऊन वाट बघते, मोकळ्या माणसाला छातीच्या उंचीवर पास देते, ती बाकावर. मुलांच्या टीममध्येही हे पाहिलंय, मुलींच्याही. दुसऱ्या हाफमध्ये दम संपल्यावर, धूळ असलेल्या सिमेंट कोर्टवर, गुळगुळीत झालेल्या बॉलने खेळताना टीमला याच माणसाची गरज असते, आणि तो तेव्हा पाण्याच्या बाटल्या भरत असतो. हा अन्याय आहे असं मी म्हणतो. कोणी मुद्दाम करत नाही, पण आहे.

प्रॅक्टिसमध्येही बदल हवा. शेवटची पंधरा मिनिटं नेहमीच्या हाफ-कोर्टऐवजी ड्रिबल न करता पाच-पाच खेळा. ड्रिबलच नाही म्हटल्यावर सगळ्यांना हलावं लागतं, पास घ्यायला पुढे यावं लागतं. आपले निम्मे पास कापले जातात ते टाकणाऱ्याच्या चुकीने नाही, घेणारा खांबासारखा उभा असतो म्हणून. वहीत लिहिताना हेही बघायला हवं, नाहीतर टाकणाऱ्याच्या नावावर उगाच पाप.

एक भीती मात्र मलाही आहे. मोजायला लागलो की वहीचं हत्यार होईल. सीनियर ज्युनियरवर सगळ्यांसमोर खेकसेल, आणि तो पोरगा पुढच्या वेळी पासच टाकणार नाही. इथे मला 1982 ची अमेरिकन कॉलेजांची फायनल आठवते. नॉर्थ कॅरोलायना 63, जॉर्जटाउन 62. पहिल्या वर्षाच्या मायकेल जॉर्डनने शॉट घालून ही आघाडी मिळवून दिली होती. शेवटच्या सेकंदांत बॉल जॉर्जटाउनकडे, आणि त्यांच्या फ्रेड ब्राउनने आपला सहकारी समजून तो सरळ समोरच्या टीमच्या जेम्स वर्दीच्या हातात दिला. संपलं. नॉर्थ कॅरोलायनाचे कोच डीन स्मिथ गणिताचे पदवीधर, बॉल मिळाल्यावर दर वेळी किती पॉइंट होतात हे ते फार आधीपासून मोजत असत. कोच म्हणून त्यांचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पण मला आठवतात ते हरलेले कोच, जॉन थॉम्पसन. त्यांनी ब्राउनला सगळ्यांसमोर मिठीत घेतलं. दोन वर्षांनी, 1984 मध्ये, जॉर्जटाउनने ती स्पर्धा जिंकली तेव्हा ब्राउन त्या टीममध्ये होता.

तेव्हा वही असावी, पण ती कोर्टवर वाचून दाखवू नये. मॅच झाल्यावर, आंघोळी-बिंघोळी उरकल्यावर, कॅप्टनने प्रत्येकाला त्याची ओळ दाखवावी आणि कुठला बॉल कुठे गेला ते विचारावं. सिलेक्शनच्या वेळी सरांसमोर पॉइंटच्या यादीशेजारी हीसुद्धा ठेवावी. लिहायला मी बसतो, टेबलवर असतोच. फक्त एक वही लागेल. सबमिशन झाल्यावर कोणाच्या जर्नलमध्ये कोरी पानं उरली असतील तर रूमवर आणून द्या.