फितूर कोणाला म्हणावे?

ज्या कार्यासाठी माणसाने घरदार सोडले, ते तडीस जाण्याच्या क्षणीच त्याने पाय मागे घेतला, तर त्याला फितूर म्हणावे काय? मुकुंदवाडीतील काही वाचकांमध्ये या प्रश्नावरून अलीकडे बराच कडाक्याचा वाद झाला. निमित्त होते टॉल्किन यांच्या कादंबरीचे. १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेली ही अद्भुतकथा मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली आहे.

कथा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. सर्वांवर सत्ता गाजविणारी एक अंगठी आहे. ज्या अग्निपर्वतात ती घडली त्याच्याच ज्वाळांत टाकल्याखेरीज ती नष्ट होत नाही. फ्रोडो नावाचा एक बुटका, शांतताप्रिय जीव हे काम पत्करतो. उपासाने आणि तहानेने खंगलेल्या फ्रोडोला शेवटी सॅम हा सोबती पाठीवर घेऊन चढण चढतो. आणि कड्यावर उभे राहिल्यावर फ्रोडो अंगठी टाकण्याचे नाकारतो, ती आपली म्हणून बोटात घालतो. तेवढ्यात त्या अंगठीचा जुना गुलाम गॉलम झडप घालून त्याचे बोटच चावून तोडतो आणि विजयाच्या आनंदात नाचता नाचता तोल जाऊन अंगठीसह आगीत पडतो. जग वाचते, नायक मात्र हरलेला असतो.

‘मग एवढे हजार पानांचे चालणे कशासाठी?’ असे एका तरुणाने विचारले. हा आक्षेप नवा नाही. फ्रोडोचा गौरव कसला करता, देशद्रोही म्हणून त्याला मृत्युदंड द्यायला हवा होता, असे एक संतप्त पत्र खुद्द टॉल्किन यांनाच १९५६ च्या सुमारास आले होते. त्यांचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. त्या ठिकाणी, तितक्या यातनांनंतर, अंगठीचा मोह आवरणे कोणाच्याही शक्तीबाहेरचे होते. छळाने मन मोडलेल्या कैद्याला आपण ज्या दृष्टीने पाहू त्याच दृष्टीने फ्रोडोकडे पाहावे, असे त्यांचे म्हणणे. १९१६ साली सोमच्या रणभूमीवर राहून आलेल्या माणसाचे हे मत आहे.

स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने याहून अवघड प्रश्न काढला. गॉलमचा पाय घसरला हा योगायोग. योगायोगावर कोणती चळवळ उभी राहते? घसरणे योगायोगाचे, हे मान्य. परंतु गॉलम त्या कड्यावर जिवंत होता, हा योगायोग नव्हे. पाऊणशे वर्षांपूर्वी बिल्बोने त्याला मारण्याची संधी असताना सोडले. पुढे फ्रोडोने सोडले. आणि अगदी अखेरीस, पर्वताच्या उतारावर, त्याचा मनापासून तिटकारा करणाऱ्या सॅमनेही तलवार आवरली. या तीन निर्णयांचा हिशेब शेवटच्या प्रसंगात चुकता होतो. तरीही त्या मुलीचे समाधान झाले नाही, आणि तिचे सर्वस्वी चुकले असे मला वाटत नाही.

आपल्या वाचकाला हा शेवट इतका परका का वाटावा, हेच मला कळत नाही. धर्मराजाच्या तोंडून ‘नरो वा कुंजरो वा’ निघाले आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. तेवढ्यावरून युधिष्ठिराला कोणी कौरवांच्या गोटात ढकललेले नाही.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी अनेक वर्षांपूर्वीच्या एका संपाची हकिकत सांगितली. चौथ्या महिन्यात, घरात मूल आजारी असताना, त्यांच्या एका सोबत्याने हमीपत्रावर सही केली आणि तो कामावर गेला. ‘दहा वर्षे आम्ही त्याच्याशी बोललो नाही. साडेतीन महिने तो आमच्याबरोबर उपाशी बसला होता, ते दिवस कोणी मोजलेच नाहीत.’ मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले कित्येक जण उपासमारीने हरून परतले, तेव्हा त्यांच्या चाळींतही असे अबोले धरले गेले असतील.

सरसकट क्षमा करा, असे येथे कोणी म्हणत नाही. मालकाशी आधीच संधान बांधणारा आणि शेवटच्या चढणीवर कोसळणारा, यांना एकाच तागडीत तोलू नये, एवढाच मुद्दा आहे. टॉल्किन यांच्याशी आमचे भांडण आहेच. राजा परत आला की सारे मंगल होते, ही त्यांची श्रद्धा आम्हांला पटणारी नाही. ऑर्क नावाची एक अख्खी जमात त्यांनी जन्मतःच दुष्ट ठरवून टाकली, हेही नाही. पण पराभूताकडे पाहण्याची त्यांची दृष्टी आपल्या अनेक सभांतील ठरावांहून अधिक समंजस आहे.

कड्यावरचा प्रसंग संपल्यावर पुस्तक मिटणाऱ्यांनी पुढची प्रकरणे अवश्य वाचावीत. फ्रोडो गावी परततो तेव्हा गाव गुंडांच्या ताब्यात गेलेले असते आणि गावातलेच काही जण त्यांना सामील झालेले असतात. लोक उठाव करतात. त्या लढाईत फ्रोडो शस्त्र उपसत नाही. आपल्यापैकी जे पलीकडे गेले त्यांनाही मारायचे नाही, असे तो बजावतो आणि शरण आलेल्यांच्या आड स्वतः उभा राहतो. गाव पुढे मानसन्मान देते ते त्याच्या सोबत्यांना. त्याला कोणी फारसे विचारीत नाही, आणि दोन वर्षांनी तो जहाजात बसून निघून जातो.