चित्रं काढून पुढे काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या नातेवाइकांत एक प्रश्न हमखास फिरतो. पोराने सायन्स घेतलं तर कुणी काही विचारत नाही. कॉमर्स घेतलं तर ‘मग सीए कर’ एवढं सांगून मोकळे होतात. पण एखादी पोरगी म्हणाली की मला आर्ट स्कूलला जायचंय, की सगळे एका सुरात, "ते ठीक आहे गं, पण पुढे काय?" गंमत म्हणजे हेच लोक शाळेत असताना तिला एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना हौसेने बसवतात आणि ए ग्रेड मिळाली की पेढे वाटतात. छंद म्हणून चित्रकला चालते, धंदा म्हटलं की घरात सुतक!

माझं म्हणाल तर प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त तो त्या पोरीला विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तर तुमच्याआमच्या खिशात आहे. कसं ते सांगतो.

नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत माझा रूमपार्टनर मुंबईतल्या एका आर्ट कॉलेजात पेंटिंग शिकत होता. सांगलीकडच्या गावचा. ‘आर्टवाले म्हणजे निवांत’ असा आपला सगळ्यांचा समज असतो ना, त्याने एकदा या पोरांचं टाइमटेबल बघावं. हा सकाळी सहाला स्केचबुक घेऊन सीएसएमटीला जायचा. गाडीची वाट बघत झोपलेली माणसं, हमाल, बोचक्यांवर बसलेल्या बायका यांची झरझर स्केचेस. झोपलेला माणूस कूस बदलायच्या आत चित्र संपलं पाहिजे, ही त्याची डेडलाईन. मग दिवसभर समोर मॉडेल बसवून पोर्ट्रेट, नाहीतर स्टिल लाइफ. रात्री सबमिशनचं काम. आमच्या खोलीला कायम टर्पेंटाईनचा वास. ऑफिसच्या शर्टाला एकदा निळा डाग लागला तो आजतागायत गेलेला नाही.

आणि रिव्ह्यू? आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये कुणी दोन कमेंट टाकल्या तर आम्ही दिवसभर फुगून बसतो. त्यांच्याकडे काम भिंतीवर लावायचं, सगळा वर्ग समोर उभा, आणि सर शांतपणे सांगणार की मान खांद्यावर नीट बसलेली नाही. कॅनव्हास खरवडा, पुन्हा सुरुवात. हे चार वर्षं!

त्याला खरा त्रास अभ्यासाचा नव्हताच. तो पैशाचा होता. ऑइल कलरमध्ये पांढरा सगळ्यात आधी संपतो, कारण तो जवळजवळ प्रत्येक रंगात मिसळावा लागतो. महिनाअखेरीला पांढरी ट्यूब आणि मेसचा डबा यातलं एक निवडायची वेळ यायची. तेव्हाच आमच्या ओळखीतला एक जण त्याच्याकडून लग्नपत्रिकेचं डिझाइन करून घेत होता. फुकट. "तुझं तेवढंच नाव होईल रे!" पत्रिका छापणाऱ्याला पैसे दिले, केटररला दिले, घोडेवाल्यालासुद्धा दिले. चित्र काढणाऱ्याला फक्त जेवायचं आमंत्रण.

आता जरा इतिहास. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, सर जमशेदजी जीजीभॉयांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. पुढे समोरच व्हिक्टोरिया टर्मिनस उभं राहिलं. १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीवरच्या पानाफुलांच्या, पशुपक्ष्यांच्या नक्षीकामात या स्कूलच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. आपण रोज ज्याच्या खालून लोकल पकडायला धावतो ते कॉलेजच्या पोरांचं काम आहे, बरं का! त्या काळी कुणीतरी त्यांना शिकवलं आणि कामही दिलं. ‘पुढे काय’चं उत्तर रस्ता ओलांडला की समोर होतं.

दुसरं उदाहरण १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं. त्यातले सूझा, रझा हे जे.जे.मध्ये शिकलेले. त्यांना सुरुवातीला आधार कुणाचा मिळाला? नाझींमुळे घरदार सोडून मुंबईत आलेल्या तीन युरोपियन माणसांचा मोठा आधार मिळाला. लँगहॅमर त्यांना मार्गदर्शन करत, लायडन वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल लिहीत आणि श्लेसिंगर त्यांची चित्रं विकत घेत. शिकवणारा, लिहिणारा आणि विकत घेणारा. तिसरा नसता तर पहिल्या दोघांचं कौतुक किती दिवस पुरलं असतं?

आणि हे खास आपल्या जातभाईंसाठी. भारतात बनलेल्या सुरुवातीच्या संगणकांपैकी टिफ्रॅक ज्या टीआयएफआरमध्ये १९६० साली सुरू झाला, त्याच संस्थेच्या भिंतींवर होमी भाभांनी या नव्या चित्रकारांची चित्रं लावली. दान म्हणून मागितलेली नाहीत, विकत घेतलेली. वासुदेव गायतोंडे १९४८ साली जे.जे.तून डिप्लोमा घेऊन बाहेर पडले. त्यांचं एक चित्र २०१५ साली मुंबईतल्या लिलावात २९ कोटींहून जास्त किमतीला गेलं. तोवर गायतोंड्यांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. भाभांनी त्यांची चित्रं घेतली तेव्हा त्यांना भाव नव्हता, पण चित्रकार हयात होता. माझ्या लेखी भाभांची खरेदी मोठी.

आता कुणी म्हणेल, "प्रत्येक जण गायतोंडे थोडाच होतो?" नाही होत. आपल्या बॅचमधला प्रत्येक जण तरी कुठे मोठी कंपनी काढतो? बहुतेक जण आपापलं काम नीट करतात आणि त्याचे पैसे घेतात. आर्ट स्कूलच्या पोरांनाही तेवढंच हवं असतं. दुसरा कुणी म्हणेल, "आता एआय दोन सेकंदांत चित्र काढून देतं." देतं की! कोडही लिहून देतं. म्हणून मी काही माझा पगार नाकारलेला नाही.

तर मग करायचं काय? फार काही नाही. एक, ओळखीच्या चित्रकाराकडून फुकट लोगो, फुकट पत्रिका मागणं बंद. आधी दर विचारायचा, मग काम सांगायचं. दोन, आर्ट कॉलेजांची वार्षिक प्रदर्शनं बघायला जायचं. मॉलमध्ये तासन्‌तास घालवतोच ना आपण? जहांगीर आर्ट गॅलरीत तर आत जायला तिकीटही लागत नाही. तीन, घर घेतलं की भिंतीवर ऑनलाइन मागवलेल्या सात पळणाऱ्या घोड्यांऐवजी एखाद्या विद्यार्थ्याचं चित्र लावायचं. मी पहिलं चित्र साडेचार हजारांना घेतलं. एका गल्लीतलं पावसाळी दुपारचं आहे. आई म्हणाली, एवढ्यात मिक्सर आला असता. आला असता, खरंय. पण त्या पोराचे पुढच्या दोन महिन्यांचे रंग आले, आणि मिक्सरकडे मी रोज पाच मिनिटं बघत उभा राहिलो नसतो.

असो. पुढच्या वेळी घरात कुणी आर्ट स्कूलचं नाव काढलं तर ‘पुढे काय’ जरूर विचारा. पण त्याआधी स्वतःच्या घराच्या भिंतींकडे एकदा नजर टाका. त्या कोऱ्या असतील, तर उत्तर तिच्याकडे मागण्यात काय अर्थ आहे?