मीटरखोलीतील मीटरभर जागा

शहरांत जागेचे मोल चौरस फुटाने होऊ लागल्यापासून रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, अशी समजूत रूढ झाली आहे. मुंबई-पुण्याच्या कित्येक गृहनिर्माण संस्थांतील मीटरखोल्या तिची साक्ष देतात. विजेच्या मुख्य फलकापुढे जुन्या सायकली, रंगाचे डबे, गणेशोत्सवाच्या मंडपाचे बांबू आणि क्वचित रखवालदाराची वळकटीही असते. (त्याच्या निजण्याची दुसरी सोय संस्थेने केलेली नसते, हा भाग वेगळा.)

कायद्याच्या दृष्टीने मात्र ही जागा रिकामी नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी अशा फलकापुढे 3 फूट जागा मोकळी ठेवण्याचे बंधन घातले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांत ते 1 मीटर होते. फलकामागील जागेविषयीची तरतूद तर अधिकच बोलकी आहे. मागे उघड्या जोडण्या असतील, तर तेथील अंतर 20 सेंटिमीटरहून कमी तरी असावे, किंवा 75 सेंटिमीटरहून अधिक तरी. वरवर पाहता हे चमत्कारिक वाटते. परंतु 20 सेंटिमीटरच्या फटीत माणूस शिरूच शकत नाही, आणि 75 हून अधिक जागेत शिरलेला माणूस काम करून परत फिरू शकतो. घातक ती मधली जागा. तीत तो अंग चोरून शिरतो खरा, पण विजेचा धक्का बसल्यास मागे सरण्यास वाव उरत नाही. नियमकर्त्यांनी येथे माणसाच्या देहाचेच माप घेतले, असे म्हणावे लागेल.

हे माप पाळले जात नाही, त्याच्या मुळाशी एक सोयीस्कर हिशेब आहे. अडगळ ठेवण्याचा लाभ सभासदांचा. जोखीम मध्यरात्री फ्यूज गेल्यावर बोलावलेल्या वायरमनची. तो सर्वसाधारण सभेत बसत नाही, त्यामुळे त्याच्या जोखमीची नोंद संस्थेच्या ताळेबंदात कोठेच होत नाही. एकाच्या सोयीचा तिऱ्हाइतावर पडणारा असा भार अर्थशास्त्रात बाह्य परिव्यय म्हणून ओळखला जातो. मीटरखोली जिन्याखाली असेल, तर आगीच्या वेळी हा भार सभासदांवरही उलटतो. कारण जिना हीच त्यांच्या सुटकेची वाट.

उपाय खर्चिक नाही. फलकापुढील मीटरभर पट्टा पिवळ्या रंगाने आखून घ्यावा आणि तो मोकळा नसल्यास कामास हात न लावण्याचा वायरमनचा अधिकार संस्थेने ठराव करून मान्य करावा. त्या रात्री सभासदांना अंधारात बसावे लागले, तरी चालेल. रखवालदाराच्या वळकटीची सोय मात्र त्याआधी व्हावयास हवी.