गाडीची जन्मतारीख नको, तब्येत तपासा!

पोस्ट मोठी आहे. घरात दहा वर्षांहून जुनी गाडी असेल किंवा जुनी घ्यायचा विचार असेल, तर मात्र शेवटपर्यंत वाचा. उपयोगाची आहे.

आमच्या अण्णांनी नोव्हेंबर २००५ मध्ये मारुती ८०० घेतली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. गाडीबरोबर त्यांनी एक दोनशे पानी वही पण घेतली. त्या वहीत वीस वर्षांचा हिशेब आहे. कधी ऑइल बदललं, किती किलोमीटरला, कुठल्या पंपावर किती पेट्रोल टाकलं, कोणत्या तारखेला कुठला पाइप फुटला. नियम एकच : ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. आज गाडी ९६,००० वर आहे. वीस वर्षांत टायमिंग बेल्ट एकदा, क्लचप्लेट एकदा, रेडिएटरचा पाइप दोनदा, टायरचे तीन सेट, बॅटऱ्या पाच. इंजिन अजून उघडलेलं नाही. आमचा मिस्त्री तर नव्या पोरांना दाखवतो, "गुरुजींची गाडी बघा, असा आवाज पाहिजे."

२०२० ला पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण केलं. फी होती ६०० रुपये. आता परत पाच वर्षं झाली, म्हणजे वीस पूर्ण. आता फी किती? १०,००० रुपये! एप्रिल २०२२ पासून ६०० चे ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं वीस वर्षांपुढच्या कारला थेट दहा हजार. पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, पीयूसी वेगळी.

बरं, दहा हजार घेऊन तपासलं काय? मी स्वतः गाडी घेऊन गेलो होतो. चेसिस नंबर बघितला, दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवला, संपलं. ब्रेक कुणी दाबून बघितला नाही. टायर किती साली बनलाय ते कुणी वाचलं नाही. गाडीखाली कुणी वाकलं नाही. माझी गाडी चांगली होती म्हणून मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझ्या मागे उभ्या असलेल्या गाडीची तब्येत बघून मला घाम फुटला. तीही पास झाली.

इथं माझा मूळ मुद्दा सुरू होतो. आपल्याकडे गाडीचं म्हातारपण कॅलेंडर बघून ठरवतात. पंधरा झाली, संशयित. वीस झाली, गुन्हेगार. आणि पंधराच्या आत? काहीही असो, साधू!

विश्वास बसणार नाही, पण आपल्या देशात पांढऱ्या पाटीच्या खासगी कारची पहिली पंधरा वर्षं एकदाही फिटनेस तपासणी होत नाही. नोंदणीच पंधरा वर्षांची, फिटनेस त्यातच धरलेला. मधे फक्त पीयूसी. आणि पीयूसी म्हणजे धूर. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर यांचा तिथं संबंध नाही. म्हणजे सहा वर्षांची, टायर गुळगुळीत झालेली, ब्रेक लागत नसलेली गाडी कायद्याच्या नजरेत ठणठणीत. आणि दर सहा महिन्यांनी मिस्त्रीकडे जाणारी अण्णांची गाडी मात्र देशावरचा भार.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. जपानमध्ये पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. जर्मनीतही साधारण तसंच. तिथं गाडीला "तुझं वय काय" एवढंच विचारून सोडत नाहीत, "चालून दाखव" म्हणतात. आपण फक्त वय विचारतो आणि पैसे घेतो.

आता दुसरी गाडी. माझ्या चुलतभावानं तीन वर्षांपूर्वी एका डीलरकडून डिझेल सेडान घेतली. पाच वर्षं वयाची, मीटरवर ६८,०००. "कंपनीतल्या साहेबाची गाडी आहे, ड्रायव्हर ठेवून वापरलेली," असं सांगितलं. चकाचक पॉलिश, आत सुगंधी बाटली. आठ महिन्यांत क्लच गेला, मग टर्बो गेला. मिस्त्रीनं डॅशबोर्ड खोलला, तर कप्प्यामागे पडलेली ऑइल बदलल्याची जुनी चिठ्ठी सापडली. त्यावर किलोमीटर लिहिले होते : १,९१,४५०. म्हणजे गाडी विकताना जवळपास सव्वा लाख किलोमीटर कुणीतरी खिशात घातले! डिजिटल मीटरला लॅपटॉप जोडला की अर्ध्या तासाचं काम आहे, हे मिस्त्रीच सांगतो. भाऊ शेतकरी आहे. दुरुस्तीला कर्ज काढलं. डीलर म्हणतो, "आम्हाला जशी आली तशी दिली."

वयानं बघाल तर भावाची गाडी अण्णांच्या गाडीची नात लागते. तब्येतीनं बघाल तर आजी.

मग कंपनीच्या गाड्या वाईटच असतात का? अजिबात नाही. आमच्या गावातला एक मित्र स्वतःची गाडी एका कंपनीला कंत्राटानं लावतो. चार लाख किलोमीटर झालेत, गाडी अजून ताठ आहे. कारण गाडी त्याची, हप्ता त्याचा, चालवणारा तोच. आणि धाव बहुतेक हायवेची. हे समजून घ्या, कारण जुनी गाडी घेताना इथंच फसायला होतं. हायवेवर इंजिन एकदा गरम झालं की तासन्‌तास एका चालीत फिरतं. घासतं कमी, गिअर-क्लच कमी वापरले जातात. उलट गावात दोन किलोमीटर जाऊन बंद, परत दोन किलोमीटर जाऊन बंद, अशा गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये उतरतो, सायलेन्सरमधलं पाणी वाळत नाही आणि तो आतून गंजतो. भाजी आणायला वापरलेली ४०,००० ची गाडी हायवेच्या लाखभर किलोमीटरपेक्षा थकलेली असू शकते.

आणि नुसती उभी गाडी तर सगळ्यात लवकर मरते. बॅटरी बसते, टायरला भेगा पडतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, उंदीर वायरिंग खातात. खात्री करायची असेल तर कुठल्याही सरकारी कार्यालयाच्या मागच्या आवारात जा. कडुलिंबाखाली जीप उभी असते, तिच्यातून झाड उगवलेलं असतं. केंद्रानं १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी बंद केली. केली ते बरंच झालं. पण त्यातल्या कितीतरी गाड्या पंधरा व्हायच्या आधीच मेल्या होत्या, हे मी बातमीदार म्हणून माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सरकारी गाडीला चालक बदलतात, साहेब बदलतात, वही कुणी ठेवत नाही. धनी नसलेलं जनावर आणि धनी नसलेली गाडी सारखीच.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं उदाहरण घ्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये वीस वर्षं! ती काही जादूची गाडी नव्हती. पोट तिच्यावर होतं म्हणून चालक तिला जपायचे.

कंपनीच्या नावावरच्या गाड्यांचं गणितच वेगळं. आयकरात कारला उरलेल्या किमतीवर दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो. आठ लाखांची गाडी पाच वर्षांत कागदावर साडेतीन लाखांची होते. त्यात चूक काही नाही, कायदाच आहे. पण कंपनीला गाडी पाच वर्षं चालवायची असते, वीस नाही. मग शेवटच्या वर्षी कोण मन लावून सर्व्हिसिंग करेल? ती गाडी विकली जाते आणि फिरत फिरत आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात येते. घसाऱ्याचा फायदा शहरात राहतो, घासलेली गाडी आपल्या दारात. पिवळ्या पाटीच्या गाडीला निदान ठराविक काळानं फिटनेस तरी लागतो. कंपनीच्या नावावरची पांढऱ्या पाटीची गाडी टॅक्सीइतकी पळाली तरी पंधरा वर्षं तिला कुणी विचारत नाही.

आता मला जे विचारलं जाईल ते मीच विचारतो. "प्रदूषणाचं काय? सुरक्षेचं काय?"

रास्त प्रश्न आहेत. जुनी डिझेल गाडी काळा धूर सोडत असेल तर ती बंद करा, माझा पाठिंबा. बीएस-६ आल्यावर, एप्रिल २०२० पासून, इंधन आणि इंजिन दोन्ही स्वच्छ झाले, हे खरंच आहे. दिल्लीच्या हवेचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. सुरक्षेचंही कबूल करतो. अण्णांच्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. कारमध्ये चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली तीच जुलै २०१९ मध्ये. मी स्वतः लेकीला घेऊन त्या गाडीनं पुण्याला जात नाही. ती गाडी गावात, दवाखान्यात, शेतावर, लग्नाला शेजारच्या तालुक्यात, एवढीच जाते. जुन्या आठवणींचा गळा काढायला मी ही पोस्ट लिहिलेली नाही.

पण मग फीचा आणि हवेचा संबंध काय? दहा हजार भरले की धूर कमी होतो का? वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर फिरणारी पेट्रोल गाडी आणि तेवढे दोन महिन्यांत फिरणारी गाडी, हवेला जास्त त्रास कुणाचा? शिवाय नवी गाडी आकाशातून पडत नाही. तिला लोखंड लागतं, कोळसा जळतो, वीज लागते. चालती गाडी मोडून नवी बनवायची आणि त्याला पर्यावरण म्हणायचं, हे मला पटत नाही.

अजून एक. ई-२० पेट्रोल. ऊस आपल्या तालुक्यातला, इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, म्हणून माझा इथेनॉलला विरोध नाही. पण जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. काही जुन्या गाड्यांमध्ये रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच २०२५ मध्ये म्हटलं. मग तो खर्च कुणाचा? आणि पंपावर जुन्या गाडीसाठी वेगळी नळी का नाही? एकीकडे तिला न मानवणारं इंधन पाजायचं, दुसरीकडे ती लवकर म्हातारी झाली म्हणून दंड घ्यायचा!

नुसती टीका करून थांबत नाही. माझ्या मागण्या अशा :

१. खासगी कारची पहिली तपासणी पाचव्या वर्षी करा, मग दर दोन वर्षांनी. मशीनवर करा. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, धूर सगळं. नापास झाली तर सहा वर्षांची असो की सोळा, दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर नको. पास झाली तर वीस वर्षांची गाडीही सन्मानानं चालू द्या.

२. प्रत्येक पीयूसी, विमा आणि तपासणीच्या वेळी किलोमीटर नोंदवा आणि गाडीचा नंबर टाकला की ती नोंद कुणालाही दिसू द्या. ब्रिटनमध्ये दिसते, फुकट. मीटर मागे फिरवायचा धंदा निम्मा तिथंच संपेल.

३. कंपनीच्या किंवा भाड्याच्या गाडीची विक्री होताना सर्व्हिसिंगचा पूर्ण इतिहास खरेदीदाराला देणं सक्तीचं करा.

४. फी तपासणीची घ्या, वयाची नको.

हे होईल तेव्हा होईल. तोवर जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढं तरी करा. मीटरवर विश्वास ठेवू नका, पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघा. ४०,००० च्या गाडीचं पेडल गुळगुळीत नसतं. टायरवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. आरसीवर कितवा मालक आहे बघा, आधी पिवळी पाटी होती का विचारा. सकाळी गार इंजिनवर स्वतः स्टार्टर मारा, आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर उठून या. आणि पाचशे रुपये देऊन आपला मिस्त्री बरोबर न्या. भावानं ते पाचशे वाचवले होते.

राहता राहिले अण्णा. दहा हजारांचा आकडा ऐकून ते म्हणाले, "अरे, एवढ्यात तर दोन वर्षांचं सर्व्हिसिंग होतं." मग थोडा वेळ गप्प बसले. पंचाहत्तरीला पोचलेला माणूस, त्याला वयाचा दंड ऐकून काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. फी भरली. संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं : नोंदणी २०३० पर्यंत. खाली रक्कम. आणि पुढच्या ऑइलची तारीख.

तुमच्या घरची सगळ्यात जुनी गाडी किती वर्षांची आहे, किती किलोमीटर झालेत, आणि नूतनीकरणाला तपासलं काय, ते खाली लिहा. मीटर फिरवून कुणी फसवलं असेल तर तेही लिहा, नाव नको, फक्त किस्सा. पुरेसे जमले की सगळं एकत्र करून आमदार-खासदारांना देणार आहे. शेअर करायला विचारायची गरज नाही.