शीत कुठून उचललं ते सांगा

निवडणूक आली की वाहिन्यांवर आकडे नाचू लागतात आणि निकाल उलटा लागला की ‘मतचाचण्या बंद करा’ अशी ओरड होते. बंदी नको. हिशेब हवा.

१. शितावरून भाताची परीक्षा होते, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. हजार माणसं नीट निवडली, तर सुमारे तीन टक्के इकडेतिकडे धरून अख्ख्या राज्याचा कल कळू शकतो. सगळी मेख ‘नीट निवडली’ या दोन शब्दांत आहे. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं जवळपास एक कोटी लोकांना पोस्टानं मत विचारलं. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापून झालं. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतून; ऐन मंदीत टेलिफोन कोणाच्या घरी होता? शिवाय ज्यांनी उत्तर धाडण्याची तसदी घेतली, तेवढ्यांचंच मत मोजलं गेलं. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला.

२. आपल्याकडे टॅब घेतलेला मुलगा दारात उभा राहतो. बाई म्हणते, ‘यांना विचारा.’ हे म्हणतात, ‘लिहा कोणाचंही.’ शेजारी ओट्यावर कान देऊन बसलेला असतो. अशा उत्तराचं काय करायचं, हे संस्थेनं ठरवलेलं असतं. कसं ठरवलं, ते आपल्याला कधीच कळत नाही.

३. मतांचा अंदाज एक वेळ जमेल, जागांचा महाकठीण. २०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचंही अंतर नव्हतं, जागा मात्र ३० आणि १७. मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल तर ४८ मतांनी लागला. तरीही पडद्यावर जागा दिसतात, मतांची टक्केवारी कोपऱ्यात, चुकण्याची शक्यता कुठेच नाही.

४. ही नुसती करमणूक असती तर सोडून दिलं असतं. १ जून २०२४च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला साडेतीनशेच्या वर नेलं. सोमवारी, ३ जूनला, शेअर बाजार उसळला. ४ जूनला रालोआ २९३ वर थांबली आणि सेन्सेक्स एका दिवसात सुमारे ४,४०० अंशांनी आपटला. वरच्या भावात घेतलेल्या लहान गुंतवणूकदाराला भुर्दंड बसला. आकडे देणारे पुढच्या निवडणुकीत पुन्हा त्याच खुर्चीत.

५. कायदा आहे, पण वेळेपुरता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार शेवटच्या टप्प्याचं मतदान आटोपेपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाही. दाखवला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कधी दाखवायचा यावर कैद, कसा केला याबद्दल चकार शब्द नाही. नमुना किती, निवडला कसा, पैसे कोणी दिले हे छापावं, असं प्रेस कौन्सिलच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या पाळल्या नाहीत तर शिक्षा नाही आणि वाहिन्या कौन्सिलच्या कक्षेतच नाहीत.

६. म्हणून मागणी एवढीच: प्रत्येक चाचणीसोबत खर्च करणाऱ्याचं नाव, प्रश्नाचे नेमके शब्द, किती जणांना गाठलं आणि किती जणांनी नकार दिला, हे जाहीर करणं सक्तीचं करा. ब्रिटिश पोलिंग कौन्सिलच्या सदस्य संस्था प्रश्न आणि तक्ते गेली कित्येक वर्षं प्रसिद्ध करतात; त्यांचा धंदा काही बुडाला नाही.

७. आणखी एक, जाता जाता. कोण जिंकणार हे शंभरदा विचारता. सोयाबीनच्या भावाचं, बंद पडलेल्या एसटी फेरीचं, नळाला दिवसाआड येणाऱ्या पाण्याचंही कधी विचारा.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी टॅबवाला दारात आला, तर त्याला हाकलू नका. आधी विचारा, ‘पैसे कोण देतंय?’ मग घरातल्या बाईलाही बाहेर बोलवा.