सल्ल्यासोबत कारणही हवे
कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा १० टक्के फुले वा बोंडे प्रादुर्भावग्रस्त, ही कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसान पातळी मानली जाते. असे ज्ञान ‘जर-तर’ नियमांत मांडता येते. १९७२ साली फ्रान्समध्ये साकारलेली ‘प्रोलॉग’ ही संगणकभाषा अशाच तर्कावर चालते. नियमाधारित प्रणाली फवारणी सुचवताना कोणती अट पूर्ण झाली, हेही दाखवू शकते. त्यामुळे शेतकऱ्यास सापळा पाहून सल्ला पडताळता येतो आणि शास्त्रज्ञांस सदोष नियम शोधून सुधारता येतो. केवळ जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या प्रणालीत हे अवघड असते. फवारणीचा खर्च शेतकरीच सोसतो. म्हणून कृषी विस्तारात कारण न देणारा संगणकीय सल्ला अपुराच मानला पाहिजे.